गाव तेच, जिल्हा वेगळा : प्रशासकीय हद्दी बदलल्या की घराण्याच्या जुन्या नोंदी कुठे शोधायच्या?

पणजोबांचा जन्म कुठे झाला, त्यांच्या वडिलांचे नाव काय होते, घराणे मूळचे कोणत्या गावचे, हे प्रश्न आता फक्त कुतूहलाचे राहिलेले नाहीत. जातीचा दाखला, जात पडताळणी, वारस नोंद, जमिनीचा वाद अशा अनेक कामांसाठी जुना कागद लागतो. अनेक जण आजच्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कार्यालयात जातात, 'नोंद आढळून येत नाही' असे उत्तर घेऊन परततात आणि शोध तिथेच सोडतात.

पुष्कळदा नोंद असते, पण ती वेगळ्या कार्यालयाच्या नावाने असते. गाव जागचे हलत नाही, त्याच्यावरचा तालुका, जिल्हा, संस्थान आणि राज्य मात्र बदलत जाते. म्हणून शोधाचा पहिला नियम असा : आज गाव कुठे आहे यापेक्षा, घटना घडली त्या वर्षी ते कोणाच्या ताब्यात होते हे आधी पाहावे.

हे समजून घेण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव उदाहरण म्हणून घेऊ.

## केम कुठे आहे?

केम हे करमाळा तालुक्यातील गाव. पुणे-सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान त्याचे स्थानक आहे. इथला कुंकू बनवण्याचा व्यवसाय प्रसिद्ध आहे आणि श्री उत्तरेश्वर हे गावचे दैवत आहे.

करमाळा तालुक्याच्या एका बाजूला भीमा आणि दुसऱ्या बाजूला सीना नदी. सीनेच्या पलीकडे परंडा तालुका लागतो. तो आज धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात आहे. उत्तरेला अहिल्यानगर आणि पश्चिमेला पुणे जिल्हा. म्हणजे हा तालुका तीन जिल्ह्यांच्या शेजारचा, आणि एके काळी दोन राज्यांच्या सीमेवरचा. इथल्या सोयरिकी नदी ओलांडून होत आल्या आहेत. कागद मात्र नदीच्या दोन्ही काठांवर वेगवेगळ्या सरकारांनी ठेवले.

## केमच्या वरचे जिल्हे कसे बदलले?

- १८१८ : पेशवाई संपली आणि दख्खनचा मोठा भाग इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यापूर्वीचे कागद प्रामुख्याने मोडीत आहेत आणि त्यांत गावाची ओळख परगण्याने दिलेली असते. आजच्या अर्थाने जिल्हा त्यात सापडत नाही.
- १८३८ : सोलापूर हा अहमदनगरचा उपविभाग झाला. त्यात करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ यांच्याबरोबर आज कर्नाटकात असलेले इंडी आणि मुद्देबिहाळ हे भागही होते.
- १८६४ : हा उपविभाग मोडला.
- १८७१ : सोलापूर, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा आणि साताऱ्याकडून आलेले पंढरपूर व सांगोला मिळून जिल्हा पुन्हा उभा राहिला.
- १८७५ : माळशिरसही साताऱ्याकडून सोलापूरला जोडले गेले.
- १९४८ च्या सुमारास : संस्थाने विलीन झाली. अक्कलकोट संस्थान आणि सांगली संस्थानातील मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात आले.
- १९५६ आणि १९६० : आधी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, मग १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

यावरून केमपुरता निष्कर्ष असा निघतो की १८७१ नंतरचा कागद शोधताना सोलापूरपासून सुरुवात करणे बरोबर आहे. त्याआधीच्या काळासाठी, विशेषतः १८३८ ते १८७१ या वर्षांसाठी, 'जिल्हा अहमदनगर' हा पर्यायही तपासावा. त्याच जिल्ह्यातील माळशिरसचे घराणे असेल तर १८७५ पूर्वी सातारा आणि मंगळवेढ्याचे असेल तर १९४८ पूर्वी सांगली संस्थान पाहावे लागते. आज एकाच जिल्ह्यात असलेल्या तीन तालुक्यांचा जुना माग असा तीन दिशांना जातो.

## सीना ओलांडली की नियम बदलतात

करमाळा ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होता, तर परंडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले. तोवर सीनेच्या दोन तीरांवर दोन वेगळ्या राजवटी होत्या. कागदावर हा फरक असा दिसतो :

लिपी आणि भाषा. करमाळ्याकडचे जुने कागद मोडीत आणि पुढे बाळबोधीत म्हणजे देवनागरीत आहेत. परंड्याकडच्या सरकारी नोंदींत उर्दू भेटते. मोडी वाचणारा जाणकार गाठला, तरी पलीकडच्या काठाचा कागद त्याला वाचता येईलच असे नाही.

सन. निजामी कागदात फसली सन असतो. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. म्हणजे फसली १३४० हे इसवी सन १९३०-३१. पेशवेकालीन कागदात सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवावे, आणि शके असेल तर ७८ किंवा ७९. हा हिशेब चुकला तर आजोबा आणि खापरपणजोबा एकाच पिढीत येतात.

कागदाचे नाव. पश्चिम महाराष्ट्रात पेरेपत्रक, कडईपत्रक, क-पत्रक हे शब्द ऐकू येतात. मराठवाड्यात जमिनीच्या जुन्या पुराव्यासाठी १९५४-५५ च्या सुमाराचे खासरा पत्रक मागितले जाते. परंड्यात जाऊन पेरेपत्रक मागितले तर कारकून नकार देईल. तिथे तो शब्द चालत नाही, एवढाच त्या नकाराचा अर्थ असू शकतो.

जिल्ह्याचे नाव. आजच्या धाराशिव जिल्ह्याचे मुख्य ठिकाण १९०४ पर्यंत नळदुर्ग होते. मग ते धाराशिवला आले आणि उस्मानाबाद हे नाव रूढ झाले. २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव झाले. १८५३ ते १८६० या काळात तर हा भाग तात्पुरता इंग्रजांकडे होता. त्यामुळे एका घराण्याच्या पाच पिढ्यांच्या कागदांवर नळदुर्ग, उस्मानाबाद आणि धाराशिव अशी तीन नावे असू शकतात, आणि तरीही घराणे एकाच वाड्यात राहिलेले असते.

याशिवाय दोन्ही राजवटींची काही गावे एकमेकांच्या हद्दीत बेटासारखी अडकलेली होती. बार्शीच्या बाजूला हा प्रकार ठळक होता. १९५० मध्ये अशी गावे सभोवतालच्या प्रदेशात सामील करण्यात आली. अशा गावाच्या १९५० पूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी वेगळ्या दप्तरांत असतात.

## पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून नोंदही माहेरी

वंशावळ शोधताना ही बाब हमखास विसरली जाते. जन्माची नोंद जिथे जन्म होतो तिथे होते, वडील जिथे राहतात तिथे नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यातही हेच तत्त्व आहे. त्याआधी गावपातळीवर पाटील-कोतवालांमार्फत जन्म-मृत्यू टिपले जात. हे रजिस्टर आज 'कोतवाल बुक' किंवा 'गाव नमुना १४' या नावाने मागितले जाते.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. समजा, केममधील एका शेतकऱ्याची बायको परंडा तालुक्यातली होती आणि १९३५ मध्ये त्यांना पहिला मुलगा झाला. मुलगा केममध्ये वाढला, केमच्या शाळेत शिकला, केमची जमीन त्याच्या नावावर झाली. पण त्याचा जन्म झाला तो निजामाच्या राज्यात. केमच्या रजिस्टरमध्ये त्याची धाकटी भावंडे सापडतील, तो मात्र सापडणार नाही. शोधणाऱ्याला वाटेल की पान फाटले असेल. त्याची नोंद झाली असेल तर ती आजोळच्या गावात.

म्हणून थोरल्या मुलाची किंवा मुलीची जन्मनोंद मिळत नसेल तर आधी विचारावे : आजीचे माहेर कोणते? घरात हे सांगू शकणारी व्यक्ती बहुधा म्हातारी आत्याच असते. तिला फोन करणे हे तहसील कार्यालयाच्या फेरीच्या आधीचे काम आहे.

## नावे फसवतात

बार्शी रोड म्हणजे बार्शी नव्हे. १८५९ मध्ये दिक्सळपासून पुढे लोहमार्ग आला, तेव्हा आजच्या कुर्डुवाडी स्थानकाचे नाव बार्शी रोड होते. बार्शीला जाण्यासाठी तिथे उतरायचे, म्हणून ते नाव. कुर्डुवाडी मात्र माढा तालुक्यात आहे. जुन्या पत्रावर किंवा रेल्वेच्या नोकरीच्या कागदावर 'बार्शी रोड' दिसले म्हणून बार्शी तालुक्याची दप्तरे चाळत बसण्यात अर्थ नाही.

नवी नावे, जुने कागद. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव. संकेतस्थळावर नवे नाव निवडावे लागते, पण कागदावर जुनेच असते. दोन्ही नावांनी शोध घ्यावा.

वाडी आणि गाव. मोठ्या गावाच्या वाड्या कालांतराने स्वतंत्र महसुली गाव होतात किंवा त्यांची वेगळी ग्रामपंचायत होते. आज जे घर वाडीत आहे, त्याची शंभर वर्षांपूर्वीची नोंद मूळ गावाच्या नावाखाली असते. वाडी केव्हा वेगळी झाली हे तलाठी कार्यालयात, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, विचारता येते.

बुडालेली गावे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्यात करमाळा, माढा, इंदापूर आदी तालुक्यांतील गावांच्या जमिनी गेल्या आणि अनेक कुटुंबे नव्या गावठाणात किंवा दुसऱ्या तालुक्यात वसली. केम नदीपासून दूर आहे, पण भीमाकाठच्या सोयऱ्यांचा शोध घेताना 'मूळ गाव' आणि 'पुनर्वसित गाव' अशी दोन्ही नावे लिहून ठेवावीत. धरणापूर्वीचा सातबारा मूळ गावाच्या नावाने असतो आणि भूसंपादनाच्या कागदांत कुटुंबातील हिस्सेदारांची नावे मिळू शकतात.

मतदारसंघ म्हणजे तालुका नव्हे. आजच्या करमाळा विधानसभा मतदारसंघात माढा तालुक्यातील काही गावे आहेत. माढा लोकसभा मतदारसंघ तर सोलापूर आणि सातारा अशा दोन जिल्ह्यांत पसरला आहे. जुनी मतदार यादी कुटुंबातील नावांसाठी उपयोगी पडते, पण ती शोधताना त्या वर्षीचा मतदारसंघ पाहावा.

## शेताची हद्द बदलली तर?

हद्दी फक्त जिल्ह्यांच्या बदलत नाहीत. इंग्रजी राजवटीत १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर भागात जमीन मोजणीची पद्धत बसवली आणि ती शेजारच्या तालुक्यांत नेली. त्यातून सर्व्हे नंबर आले. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले.

परिणाम असा की आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घेऊन १९२० चा कागद शोधला तर दुसऱ्याच कुणाची तरी जमीन समोर येते. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्यावा. त्यात कोणत्या जुन्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते कळते. मग त्या जुन्या नंबरचे फेरफार मागावेत. वारसाचा फेरफार हा वंशावळीसाठी फार मोलाचा कागद. कोण वारले, त्यांच्या मागे कोण राहिले, मुली कुणाला दिल्या, हे कधी कधी एका नोंदीत सापडते.

## हद्द न मानणारे पुरावे

सरकारी दप्तर हद्दीनुसार विभागले जाते. काही नोंदी मात्र हद्द पाहत नाहीत.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर यांसारख्या क्षेत्रांच्या ठिकाणी उपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. तिथे मूळ गाव, आडनाव आणि कूळ सांगावे लागते. घराणे शंभर वर्षांपूर्वी दुसरीकडे गेले असले तरी वहीत ते जुन्या गावाच्याच नावाखाली असू शकते. म्हणून तिथे आजचा पत्ता सांगून भागत नाही, घरातल्यांना आठवते ते सर्वांत जुने गाव सांगावे.

हेळवी. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाच्या भागात बैलावरून फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणारा आणि वह्यांत नोंदवणारा हा समाज. त्यांचे यजमान ठरलेले असतात, त्यात राज्याची सीमा आड येत नाही. वहीतला मजकूर अनेकदा सरकारी कागदाला जोड म्हणून उपयोगी पडतो.

शाळेचे जनरल रजिस्टर. प्राथमिक शाळा आधी लोकल बोर्डाकडे, नंतर जिल्हा स्कूल बोर्डाकडे आणि १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे आल्या. चालवणारी संस्था बदलली तरी रजिस्टर बहुधा शाळेतच राहिले. त्यात जन्मतारीख, जात आणि वडिलांचे नाव असते. जन्मस्थळाचा रकाना पाहिला तर आजोळचे गावही कळू शकते.

चर्चचे रजिस्टर. ख्रिस्ती कुटुंबांसाठी बाप्तिस्मा आणि विवाहाची नोंद धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, पुस्तकात असते. धर्मप्रांत मात्र विभागले जातात. मुंबई महाधर्मप्रांतातून १९९८ मध्ये वसई वेगळा झाला, पुणे धर्मप्रांतातून २००५ मध्ये सिंधुदुर्ग. जुने पुस्तक बाप्तिस्मा झाला त्या चर्चमध्ये आधी पाहावे, आजचे घर ज्या चर्चच्या हद्दीत येते तिथे नंतर.

हाच प्रश्न आयर्लंडमध्ये पूर्वज शोधणाऱ्यांनाही पडतो. तिथे महसुली पॅरिश वेगळे आणि कॅथलिक चर्चचे पॅरिश वेगळे, दोन्हींच्या हद्दी जुळत नाहीत. कॅथलिक पॅरिश तर काळानुसार फुटत आणि जुळत गेले. त्यात १९२२ मध्ये डब्लिनच्या सरकारी अभिलेखागाराला आग लागून असंख्य जुने कागद जळाले. तिथले संशोधक म्हणूनच आधी टाउनलँड, म्हणजे सर्वांत लहान भूभाग, निश्चित करतात आणि मग त्या वर्षी तो कोणत्या पॅरिशमध्ये होता ते पाहतात. आपल्याकडे टाउनलँडच्या जागी गाव ठेवले की पद्धत तीच.

## दाखल्यासाठी याचे महत्त्व काय?

जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे वास्तव्य ठरावीक तारखेला कुठे होते हे पाहिले जाते. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. त्या दिवशी पूर्वज जिथे राहत होते, त्या भागाच्या सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. आज कुटुंब पुण्यात असले तरी कागद केमचा असेल तर वाट करमाळ्याकडेच जाते.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा राज्यभर शोध सुरू झाला, तेव्हा हा विषय घराघरात पोहोचला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर 'हैदराबाद गॅझेट' हा शब्दही सर्वांच्या तोंडी आला. इथेही हद्दीचा मुद्दा आहे. हैदराबाद गॅझेट हैदराबाद संस्थानातील भागाचे, म्हणजे परंड्याच्या बाजूचे. करमाळा तालुका मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे केमच्या कुटुंबाला कोतवाल बुक, शाळेचे रजिस्टर आणि महसुली दप्तर या वाटेनेच जावे लागते. समाजमाध्यमांवर फिरणारा एखादा संदेश आपल्या गावाला लागू आहे का, हे १९४८ पूर्वीचा नकाशा पाहून ठरवावे.

## शोध कसा घ्यावा?

१. घरातून सुरुवात करा. ज्येष्ठांकडून नावे, आजीचे माहेर, कुलदैवत, जुने गाव आणि शेताचे लौकिक नाव लिहून घ्या.

२. गावाची कालरेषा बनवा. एका कागदावर वर्ष, तालुका, जिल्हा आणि राज्य असे चार रकाने करा. जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये हे बदल मिळतात.

३. प्रत्येक घटना त्या रेषेवर ठेवा. जन्म, शाळा, जमीन, मृत्यू. मग कोणत्या वर्षासाठी कोणते कार्यालय ते ठरवा.

४. गावापासून वर जा. ग्रामपंचायत आणि शाळा, मग तहसीलचा अभिलेख कक्ष, भूमी अभिलेख कार्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय, आणि त्याही आधीच्या काळासाठी पुण्याचे पुरालेखागार, जिथे पेशवे दफ्तर आहे.

५. लेखी अर्ज करा. अर्जात गावाचे आजचे आणि त्या वर्षीचे असे दोन्ही तालुके-जिल्हे लिहा. नकार मिळाला तर तोही लेखी घ्या आणि 'दप्तर दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग झाले आहे का' हे विचारा.

६. मोडी किंवा उर्दू कागद जाणकाराकडून वाचून घ्या. मूळ प्रतीचा स्पष्ट फोटो जपून ठेवा. एकाच आडनावाची दोन घराणी गावात असतात, त्यामुळे निदान दोन कागदांवर नाव जुळल्याशिवाय नाते पक्के धरू नका.

## थोडक्यात

केमचे स्थानक, शिवार आणि उत्तरेश्वराचे देऊळ आहे तिथेच आहेत. त्यांच्यावरचा जिल्हा मात्र बदलला आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांची नावेही बदलली. सीनेपलीकडचे राज्यच वेगळे होते. ज्याच्या हाती गावाची कालरेषा आहे, त्याला 'नोंद आढळून येत नाही' या शेऱ्यानंतर कुठे जायचे ते कळते. कागद जीर्ण होत आहेत आणि माहेरचे गाव आठवणारी माणसेही थकली आहेत, म्हणून पहिला फोन आजच करावा.